बेदाणा : बी नसलेल्या वेलीचा इतिहास

सुकवलेल्या द्राक्षाला आपण मराठीत बेदाणा म्हणतो. हा शब्द फारसी आहे, याची आठवणही आता कोणाला राहिलेली नाही, इतका तो मराठी झाला आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘दाना’ म्हणजे बी. ज्याला बी नाही तो बेदाणा. त्याच्या शेजारी ठेवलेल्या मनुकेचे नातेही अरबी ‘मुनक्का’ या शब्दाशी आहे. मुनक्का म्हणजे साफ केलेला, बी काढून टाकलेला. बीचे असणे आणि नसणे हा भेद आपल्या वाण्याच्या दुकानात, आपल्या रोजच्या बोलीत, किती जुना आहे हे या दोन शब्दांवरून कळते.

परंतु या साध्या शब्दात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. झाडाचा वंश बीमुळे चालतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग ज्या फळाला बीच नाही, त्याचा वंश शतकानुशतके चालला कसा? आपल्या धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः तुळजापूर आणि आसपासच्या तालुक्यांत, द्राक्षाचे मांडव उभे आहेत. त्या मांडवावरच्या बहुतेक वेलींना उपयोगाची बी धरत नाही. तरीही त्या आहेत, आणि त्यांचे पूर्वज इराण-तुर्कस्तानच्या बाजूला होते हेही आपल्याला ठाऊक आहे. हा प्रवास कोणी घडवून आणला, तो कसा घडला, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, याचा थोडा शोध या लेखात घ्यायचा आहे.

माळ्यांना जे आधी कळले

वनस्पतींच्या प्रजननाचा इतिहास पुस्तकांत युरोपातील विद्वानांपासून सुरू होतो. वास्तविक तो शेतकरी आणि माळी यांच्यापासून सुरू व्हायला हवा. खजुराच्या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी असते. नर झाडाचा तुरा मादी झाडाच्या तुऱ्यावर झटकला नाही, तर फळ नीट धरत नाही. हे काम अरबस्तान आणि इराकचे लोक हजारो वर्षे हाताने करत आले. अरबीत त्याला ‘तल्कीह’ म्हणतात. सहीह मुस्लिममधील या संदर्भातील हदीस आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. मदिनेचे लोक ही तल्कीह करताना दिसले, तेव्हा याचा काही उपयोग होत असेल असे आपल्याला वाटत नाही, असे प्रेषितांनी (स.) म्हटले. लोकांनी ते काम सोडले आणि फळ कमी आले. हे कळल्यावर दुनियेच्या अशा व्यवहारात तुमची जाणकारी अधिक आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. शेतकऱ्याच्या अनुभवाला दिलेला हा मान आहे, आणि शिक्षक म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

पुढे हाच अनुभव ग्रंथांत उतरला. दहाव्या शतकाच्या आरंभी इराकमध्ये इब्न वहशिया यांनी ‘अल-फिलाहा अन-नबतिया’ हा शेतीवरचा प्रचंड ग्रंथ अरबीत आणला. त्यात द्राक्षवेलीवर फार मोठा भाग खर्ची घातलेला आहे. बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल येथे इब्न अल-अव्वाम यांनी ‘किताब अल-फिलाहा’ लिहिला. त्याची चौतीस प्रकरणे आहेत आणि काड्या लावणे, दाब कलम, डोळा भरणे, कोणत्या झाडावर कोणते झाड जुळते, याचे बारीक वर्णन त्यांत आहे. हिंदुस्थानात बादशहा जहांगीर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, काश्मीरमध्ये पूर्वी शाह-आलू म्हणजे चेरी नव्हती. अकबराच्या काळात मुहम्मद कुली अफशार यांनी काबूलहून ती आणून तिचे कलम केले. बादशहाने आपल्या ग्रंथात एका बागेच्या अधिकाऱ्याचे नाव नोंदवले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

युरोपात वनस्पतींना नर-मादी असतात हे प्रयोगाने दाखवले ते १६९४ साली, जर्मनीतील ट्युबिंगेनचे रूडॉल्फ कामेरारियस यांनी. त्यांनी एरंडाची नर फुले उमलण्यापूर्वीच काढून टाकली. बी धरली नाही. मक्याच्या कणसाचे केस कापले. दाणे भरले नाहीत. आपल्या शिवारातही असलेली ही दोन साधी पिके. मदिनेच्या माळ्याला हाताने जे कळले होते, त्याचे कारण आता विद्वानाच्या टेबलावर उलगडू लागले.

आणि बीशिवाय होणारी वाढ? तिचा शास्त्रीय धक्का तर त्याहून उशिरा बसला. १७४० च्या सुमारास अब्राहम ट्रेंबली नावाचे एक शिक्षक हॉलंडमध्ये एका घरी मुलांना शिकवत होते. डबक्यातील हायड्रा हा चिमुकला जीव वनस्पती आहे की प्राणी, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांनी तो कापला. वनस्पती असेल तर तुकड्यातून पुन्हा वाढेल, प्राणी असेल तर मरेल, असा त्यांचा अंदाज होता. दोन तुकड्यांचे दोन हायड्रे झाले, आणि तरीही तो प्राणीच निघाला. शिवाय त्याच्या अंगावर कळीसारखा फुगवटा येऊन त्यातून नवा हायड्रा सुटा होतो, हेही त्यांनी पाहिले. सारा युरोप चकित झाला. परंतु काडी तोडून जमिनीत खोचली की नवी वेल येते, हे कोणत्याही बागवानाला त्यापूर्वी हजारो वर्षे माहीत होते.

काडी, डोळा आणि कलम

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकात अमीबाचे द्विविभाजन, यीस्ट आणि हायड्राचे मुकुलायन, स्पायरोगायराचे खंडीभवन, म्युकर बुरशीचे बीजाणू आणि शेवटी बटाटा, पानफुटी यांचे शाकीय प्रजनन येते. उर्दूत आम्ही परागणाला ‘ज़ीरगी’, फलनाला ‘बारआवरी’ आणि प्रजननाला ‘तौलीद’ म्हणतो. हा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, “मॅडम, अंगूर में बियाँ नईं, तो बेल कैसे लगाते?” मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील कलम बांधणाऱ्या टोळीबरोबर जातात. त्याने फळ्यावर काडी काढली, तिच्यावर डोळे दाखवले, खाली जमीन दाखवली, आणि कोणता भाग मातीत जातो व कोणता वर राहतो ते समजावले. त्याच्या वहीत मात्र ‘शाकीय प्रजनन’ या प्रश्नाचे उत्तर कोरेच होते. हे आपले ज्ञान आहे, आणि हेच पुस्तकातही आहे, हा दुवा त्याला कोणी जोडून दिलेला नव्हता.

त्या मुलाने जे सांगितले त्यामागचे शास्त्र असे. द्राक्षाच्या पिकलेल्या काडीवर पेरापेरावर डोळे असतात. तीन-चार डोळ्यांची काडी ओल्या मातीत लावली की खालच्या पेराजवळच्या पेशी विभागू लागतात आणि मुळे फोडतात. वरचा डोळा फुटून कोंब येतो. या पेशी विभागताना आपल्यातील सारी गुणसूत्रे जशीच्या तशी दुप्पट करून वाटून घेतात. म्हणून काडीपासून आलेली वेल ही मूळ वेलीचे मूल नसते. ती मूळ वेलच असते, फक्त दुसऱ्या जागी उभी राहिलेली. बीची गोष्ट वेगळी आहे. बीमध्ये परागाचा आणि अंडपेशीचा वारसा मिसळतो. द्राक्षात तर हा वारसा इतका सरमिसळ असतो की, एकाच घडातील चार बिया लावल्या तर चार वेगळ्या वेली येतात. त्यात आईसारखी गोडी एखादीतही उतरेल याची खात्री नसते. म्हणून माळ्याने आवडलेली वेल जपण्यासाठी काडीचा मार्ग धरला. बी म्हणजे नवे काहीतरी, काडी म्हणजे तेच पुन्हा.

भाषेनेही हे जपून ठेवले आहे. मराठीत आपण ‘डोळा भरणे’ म्हणतो, उर्दूत त्यालाच ‘चश्मा लगाना’ म्हणतात, दोन्हीकडे डोळाच. आणि ‘कलम’ हा अरबी शब्द तर दोन्ही भाषांत आहे. लिहिण्यासाठी तिरका काप देऊन घडवलेला बोरू तो कलम, आणि झाडाला तिरका काप देऊन लावलेली फांदीही कलमच.

दौलताबाद ते हैदराबाद

दख्खनमध्ये द्राक्ष नवे नाही. मुहम्मद तुघलकाच्या दरबारातून १३४० च्या दशकात दक्षिणेकडे निघालेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे असून त्यांना वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने नोंदवले आहे. थंड मुलखात हिवाळ्यात वेल झोपी जाते आणि वसंतात एकदाच फुटते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही. जेव्हा छाटाल तेव्हा फुटते. आजही आपला बागायतदार वर्षात दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. आता त्यातून पीक एकच घेतले जाते. एप्रिलच्या छाटणीने काडी तयार होते, तिच्यात घडाचा गर्भ धरतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर पडतो. इब्न बतूताला नवल वाटले ते याच हवामानाचे.

मधल्या शतकांत भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी अशी नावे असलेल्या वेली महाराष्ट्रात होत्या. साहेबी काय आणि हबशी काय, नावांवरूनच दख्खनच्या मिश्र समाजाची ओळख पटते. मग १८९० च्या सुमारास हैदराबादेत एका वेलीने इतिहास घडवला. तिचे नाव अनाब-ए-शाही. अरबीत द्राक्षाला ‘इनब’ म्हणतात आणि त्याचे अनेकवचन ‘अअनाब’ होते. कुरआनात खजुराच्या जोडीने हा शब्द अनेकदा येतो. अनाब-ए-शाही म्हणजे शाही द्राक्षे. ही वेल प्रकाशात आणण्याचे श्रेय हैदराबादचे अब्दुल बाकर खान यांना दिले जाते. मोठे, लांबट, पांढरट हिरवे मणी आणि भरघोस पीक. तिच्या काड्या एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, तेथून शेतात, आणि शेतातून साऱ्या दक्षिणेत गेल्या. हैदराबादच्या आसपास द्राक्षाचा मोठा व्यवसाय उभा राहिला तो याच वेलीवर.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे हैदराबादशी आपला संबंध कचेरी, शाळा आणि भाषा एवढ्यापुरताच असल्यासारखे आपण बोलतो. शेतीचा, बागेचा, कलमांचाही एक हैदराबादी वारसा आहे, त्याची नोंद आपण फारशी घेत नाही. अनाब-ए-शाहीला बी असते आणि केवडा रोगाला ती लवकर बळी पडते. महाराष्ट्रात बी नसलेल्या द्राक्षाची मागणी वाढल्यावर ती मागे पडली. पण द्राक्ष हे श्रीमंताच्या परसातले फळ नसून शेतकऱ्याचे पीक होऊ शकते, हे दक्षिणेला दाखवून देणाऱ्या वेलींत तिचे स्थान मोठे आहे.

सुलतानिया, थॉमसन आणि नान्नज

बी नसलेले जे द्राक्ष आज आपल्याकडे आहे, त्याचे मूळ इराण, तुर्कस्तान, अफगाणिस्तान या पट्ट्यात आहे. तिकडे त्याला सुलतानिया किंवा किशमिश म्हणतात. त्याच्या काड्या युरोपात गेल्या, तेथून अमेरिकेत. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन या शेतकऱ्याने तो वेल वाढवून त्याच्या काड्या वाटल्या, आणि सुलतानाचे द्राक्ष ‘थॉमसन सीडलेस’ झाले. १९६० च्या दशकात ते महाराष्ट्रात पसरू लागले. म्हणजे जे द्राक्ष काबूलच्या वाटेने किशमिश होऊन शतकानुशतके आपल्या बाजारात येत होते, त्याचीच जिवंत वेल अर्ध्या जगाला वळसा घालून, इंग्रजी नाव घेऊन आपल्या रानात आली.

या वेलीला बी का नसते? तिला फूल येते, परागण होते, फलनही होते. परंतु फलनानंतर काही आठवड्यांतच गर्भाची वाढ थांबते. बी टणक होण्याआधीच मिटते. मण्यात तिची मऊ खूण तेवढी उरते. बी नसल्याचा एक तोटा असा की मणी लहान राहतो. कारण मणी फुगवणारे संप्रेरक मुख्यतः बीमधूनच येते. ही उणीव भरून काढण्यासाठी बागायतदार घड ‘जीए’च्या द्रावणात बुडवतात. हे जिबरेलिक आम्ल शास्त्रज्ञांना प्रथम सापडले ते जपानमध्ये, भाताची रोपे बेसुमार लांब वाढवणाऱ्या एका बुरशीत. ते बुरशीच तयार करते, हे १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवले. एका सूक्ष्म बुरशीचे रसायन द्राक्षाच्या हरवलेल्या बीचे काम करते, ही निसर्गाची गंमत आहे.

काडीपासून तीच वेल पुन्हा येते, असे वर म्हटले. पण क्वचित एखाद्या डोळ्यातील पेशीत आपोआप बदल घडतो, आणि त्या डोळ्यातून निघालेली काडी बाकीच्या वेलीहून वेगळे फळ देते. हजारो काड्यांत एखादी. ती ओळखायला रोज बागेत फिरणारी नजर लागते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडली. नावातील ‘तास’ तासगावचा आणि ‘ए’ आर्वे यांचा. सोलापूरच्या बाजूला दाबडे यांनी ‘माणिक चमन’ पुढे आणली. आणि आपल्या तुळजापूरला लागून असलेल्या उत्तर सोलापूर तालुक्यात, माळढोकच्या अभयारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नान्नज गावी, नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची ‘सोनाका’ शोधली. काळी किशमिश या जातीतून ‘शरद सीडलेस’ही त्यांनीच निवडली. यांपैकी कोणी प्रयोगशाळेत काम करणारा शास्त्रज्ञ नव्हता. ते पाहणारे शेतकरी होते. वेगळी दिसलेली काडी त्यांनी तोडून टाकली नाही, तिला खूण बांधली, वाढवली आणि इतरांना दिली. आज धाराशिव, सोलापूर, सांगली, नाशिक येथील हजारो एकरांवर जे पीक येते, त्याच्या मुळाशी अशी एकेक निवडलेली काडी आहे.

मूळ टेक्सासचे, काडी पूर्वेची

आपल्या भागातील पाणी कमी, आणि जे आहे ते पुष्कळदा खारट. थॉमसनची मुळे अशा जमिनीत थकतात. म्हणून १९९० च्या दशकापासून महाराष्ट्रात खुंटावर कलम करण्याची पद्धत रुळली. ‘डॉगरिज’ हा खुंट सगळ्यांत जास्त पसरला. हा अमेरिकेतील टेक्सासच्या रानात, चुनखडीच्या जमिनीत वाढणाऱ्या रानवेलीचा वंश. तेथील टी. व्ही. मनसन यांनी या रानवेलींचा अभ्यास केला होता. १८६० च्या दशकात अमेरिकेतून गेलेल्या फायलोक्झेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या वेलींची मुळे खाऊन टाकली, तेव्हा किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी मुळांवर फ्रेंच वेलींची कलमे करून तेथील द्राक्षशेती वाचवण्यात आली. मनसन यांच्या टेक्सासच्या वेलींचाही त्यात वाटा होता आणि १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांचा सन्मान केला. तिकडे किडीसाठी केलेला उपाय आपल्याकडे दुष्काळ आणि क्षार यांसाठी कामी आला.

आपल्याकडे खुंटाची रोपे उन्हाळ्यापूर्वी लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत पाचर कलम बांधतात. खुंट आडवा कापून मधोमध चिरायचा, सोनाका किंवा थॉमसनची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासायची, चिरेत बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. दोन्हींच्या सालीखालचा ओला हिरवा थर एकमेकाला टेकला पाहिजे. तो टेकला तर काही दिवसांत दोन्हीकडच्या पेशी वाढून जोड भरतो, रसवाहिन्या एकमेकांना मिळतात आणि डोळा फुटतो. थर चुकला तर काडी वाळते. हातातल्या धारदार चाकूचा एकेक काप असतो, आणि चांगला कारागीर असे शेकडो काप दिवसाला देतो.

या जोडात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कलम झाले म्हणजे दोन जातींची सरमिसळ होत नाही. खाली मूळ डॉगरिजच राहते, वर काडी सोनाकाच राहते. खालून फूट आली तर ती टेक्सासच्या रानवेलीची येईल, वर घड येईल तो सोनाकाचाच. दोन्ही आपापल्या जागी, आपापल्या गुणांसह राहतात. परंतु पाणी आणि अन्न एकमेकांना देतात, आणि त्या देवाणघेवाणीवर दोघांचे जगणे चालते. कोरड्या वर्षी वेल उभी राहते ती या मुळाच्या आधाराने.

सारख्या वेलींचा धोका

येथवर काडीचे गुण गायले. आता तिचा धोकाही सांगितला पाहिजे, कारण इतिहास एकांगी लिहिला तर त्याचा उपयोग नाही. काडीने वाढलेली बाग म्हणजे एकच वेल हजार ठिकाणी उभी. तिच्यात जो कमकुवतपणा आहे तो हजार ठिकाणी सारखाच आहे. उलट तिचा शत्रू बदलत राहतो. द्राक्षाचा केवडा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव. पानाच्या खालच्या बाजूस पांढरी लव येते, तिच्यात असंख्य बीजाणू असतात. पावसाच्या थेंबात ते फुटून पोहणाऱ्या पेशी बाहेर पडतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. हे झाले त्याचे अलैंगिक प्रजनन, दिवसांत पिढी उरकणारे. शिवाय तो लैंगिक प्रजननही करतो. त्यातून जाड भिंतीचे बीजाणू तयार होऊन पुढच्या हंगामाची वाट पाहतात, आणि त्यात वारसा नव्याने मिसळतो. १८७० च्या दशकात हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला. १८८५ मध्ये बोर्दो येथे मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण त्यावर उपाय म्हणून मांडले. ते बोर्डो मिश्रण आपले बागायतदार आजही फवारतात. वेल आहे तेथेच थांबलेली आणि रोग पुढे पुढे जाणारा, ही शर्यत औषधांच्या खर्चाने चालू आहे. तो खर्च ज्याला परवडत नाही, त्याची बाग मोडते.

म्हणून बी पुन्हा लागते. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या बियांपासून रोपे वाढवून त्यांतून ‘चीमा साहेबी’ निवडली होती. अलीकडे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी ‘कॅटावबा’ आणि ‘ब्युटी सीडलेस’ यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ ही बुरशीजन्य रोगांना तोंड देणारी, रसाला चांगली अशी जात तयार केली. बी न धरणाऱ्या जातीची नवी पिढी हवी असेल, तर मिटू लागलेला गर्भ वेळीच मण्यातून काढून प्रयोगशाळेत वाढवण्याचे तंत्रही आता आहे. जपायचे असेल तेव्हा काडी आणि बदलायचे असेल तेव्हा बी, असा हा समतोल आहे. केवळ जपणाऱ्याचा बदलत्या काळापुढे निभाव लागत नाही, आणि केवळ बदलणाऱ्याच्या हाती काही टिकत नाही.

आणखी एक बदल नोंदवायला हवा. अनाब-ए-शाही किंवा सोनाका पसरली ती काडी मागितली आणि काडी दिली, या रीतीने. गेल्या काही वर्षांत परदेशी कंपन्यांच्या संरक्षित जाती आल्या आहेत. त्या परवाना घेऊन, रक्कम भरून लावाव्या लागतात आणि करारामुळे त्यांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. संशोधकाला मोबदला मिळावा यात गैर काही नाही. परंतु देण्याची जुनी रीत संपली, तर पुढचा नानासाहेब काळे कोणाच्या बागेतून, कोणत्या काडीतून निर्माण होणार, हा प्रश्न विचारला पाहिजे.

कोणाच्या हातून

बी नसलेली वेल स्वतःहून एक पिढीही पुढे जाऊ शकत नाही. वारा तिला नेत नाही, पाखरू नेत नाही. तिला प्रत्येक वेळी माणसाचा हात लागतो. म्हणजे तुळजापूरच्या मांडवावर लटकणारा प्रत्येक घड हा या गोष्टीचा पुरावा आहे की, मधल्या शेकडो वर्षांत एकदाही ती साखळी तुटली नाही. इराणच्या कोणा माळ्याने काडी कापली, तुर्काने नेली, अमेरिकेच्या शेतकऱ्याने वाढवली, मराठी शेतकऱ्याने निवडली आणि टेक्सासच्या मुळावर बांधली. यात इथले कोण आणि बाहेरचे कोण, हे निवडायला बसलो तर वेलीचे मूळ एका बाजूला पडेल, काडी दुसऱ्या बाजूला, आणि मांडवावर काही उरणार नाही. आपल्या समाजाबद्दलही हा प्रश्न वेळोवेळी विचारला जातो. त्याचे उत्तर द्यायला मोठी भाषणे नकोत. ‘बेदाणा’ हा शब्द मराठी आहे की फारसी, एवढेच विचारणाऱ्याने स्वतःला विचारावे.

या साखळीतील फार थोडी नावे आपल्याला माहीत आहेत. जहांगीर बादशहाने मुहम्मद कुली अफशार यांचे नाव लिहिले म्हणून ते उरले. अब्दुल बाकर खान यांचे नाव एका जातीमुळे उरले. सोलापूर, बार्शी, धाराशिव, लातूरच्या बाजारांत फळांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेली बागवान मंडळी, मांडवाखाली विरळणी करणाऱ्या स्त्रिया, गावोगाव फिरून कलमे बांधणारे कारागीर, यांच्या आठवणी कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. दुष्काळाने २०१२ ते २०१६ या काळात मराठवाड्यातील कित्येक बागा टँकरच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या, काही तोडाव्या लागल्या. बाग तुटते तेव्हा तिच्याबरोबर माणसेही दुसऱ्या कामाला लागतात, आणि हातातील कसब पुढच्या हाती जात नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात असे एखादे वडीलधारे माणूस आहे, त्यांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणती काडी कोठून आणली, कोणी शिकवले, कोणत्या वर्षी कोणती वेल लावली, बाजारात कोणत्या द्राक्षाला काय म्हणत, हे विचारावे. उर्दूत सांगितले तर उर्दूत लिहावे, दख्खनीत सांगितले तर दख्खनीत, मराठीत सांगितले तर मराठीत. आणि आम्ही शिक्षकांनी शाकीय प्रजननाचा धडा शिकवताना फळ्यासमोर प्रथम त्या मुलाला बोलवावे, ज्याच्या वडिलांच्या हातात कलमाचा चाकू आहे. धडा त्याच्या घरातूनच आलेला आहे, हे त्याला कळले पाहिजे.